मोज्याचे माप: मुलांच्या नाताळ-भेटींवर किती खर्च करावा, या प्रश्नाचा इतिहास

१/
डिसेंबर लागला की युरोप-अमेरिकेतील असंख्य घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. लहान मुलांच्या नाताळच्या भेटींवर किती खर्च करावा? एक खेळणे पुरे की दहा हवीत? थोरल्यासाठी जेवढे मोजले तेवढेच धाकट्यासाठी मोजावेत का? आणि दोन वर्षांच्या मुलाला किंमत कळते तरी का?

२/
हा प्रश्न सणाइतकाच जुना असेल असे वाटते, पण तसे नाही. मुलांना भेटी देणे हा नाताळचा गाभा होऊन जेमतेम दोनशे वर्षे झाली. हा प्रश्न कुठे जन्मला, लोकांनी त्याला कोणती उत्तरे शोधली आणि त्या हिशेबातून कोण सुटून गेले, हे आजच्या धाग्यात पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

३/
आधी शब्दाविषयी. मराठीतला ‘नाताळ’ पोर्तुगीज ‘नताल’वरून आला, अर्थ जन्म, जन्मदिवस. हा शब्द आपल्याकडे गोवा-वसईच्या किनाऱ्याने आला. गोव्यात आजही नाताळात नेवऱ्या, दोदोल अशा गोडाधोडाचे ताट शेजारीपाजारी जाते. ही भेटीची जुनी रीत आहे: एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी. आपल्या परिचयाचा सांताक्लॉज मात्र दुसऱ्या वाटेने आला, आणि त्या वाटेचा मोठा टप्पा न्यूयॉर्क हा आहे.

४/
सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजी नाताळ डोळ्यांसमोर आणा. शेतीची कामे संपलेली, धान्य घरात आलेले, नवी दारू पिण्याजोगी झालेली. गावातील गरीब लोक गाणी म्हणत जमीनदाराच्या दारी जात आणि खाणे, पिणे, पैसे मागत. ही मागणी हक्काची मानली जाई. मालक नोकरांना, उमेदवारांना ‘ख्रिसमस बॉक्स’ देत. भेट वरून खाली जाई. मुलांचे त्यात विशेष स्थान नव्हते. तीही घरातील कनिष्ठांपैकीच होती.

५/
या धांगडधिंग्यामुळेच प्युरिटन पंथीयांना नाताळ नको होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये कायदा केला: जो कोणी नाताळ साजरा करील त्याला पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. आज ज्या देशात नाताळच्या खरेदीवर दुकानांचे वर्षाचे गणित ठरते, त्याच देशाच्या एका भागात एके काळी या सणासाठी भेटीऐवजी दंडाची रक्कम ठरलेली होती.

६/
मग बदल कशामुळे झाला? मोठे कारण शहर हे होय. १८०० मध्ये न्यूयॉर्कची लोकसंख्या सुमारे ६० हजार होती. १८३० मध्ये ती दोन लाखांवर गेली. गावात दारी येणारा माणूस ओळखीचा असे. शहरात दारावर थाप मारणारा घोळका अनोळखी, बहुधा प्यालेला आणि हिवाळ्यात काम नसलेला असे. सधन घरांना या थापेची भीती वाटू लागली. सणाला रस्त्यावरून उचलून घरात आणण्याची निकड त्यांना भासली.

७/
हे काम ज्यांच्या हातून झाले ते न्यूयॉर्कचे प्रतिष्ठित नागरिक होते. जॉन पिंटार्ड हे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. डच वसाहतीची आठवण म्हणून त्यांनी संत निकोलसचा पुरस्कार केला. १८१० मध्ये सोसायटीने निकोलस-दिनाची मेजवानीही दिली. शहराचा भूतकाळ शोधताना त्यांनी शहराला एक नवी परंपराच दिली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

८/
१८२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द चिल्ड्रन्स फ्रेंड’ ही छोटी सचित्र पुस्तिका निघाली. तीत ‘सांतेक्लॉज’ रेनडिअरच्या घसरगाडीतून येतो. चांगल्या मुलांना तो भेटी देतो आणि वाईट मुलांच्या आईबापांसाठी छडी ठेवून जातो. कान किटवणारे ढोल आणि बहिणींना घाबरवणाऱ्या तलवारी त्याला मान्य नाहीत. त्याची पसंती पुस्तकांना आहे. हा सल्ला खुद्द पुस्तकविक्रेताच छापत होता, हेही ध्यानात घ्यावे!

९/
दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १८२३ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील ‘सेंटिनेल’ वृत्तपत्रात एक निनावी कविता छापून आली: ‘अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस’. तिचे कर्तृत्व पुढे क्लेमेंट क्लार्क मूर या धनिक जमीनदार विद्वानाकडे दिले गेले, त्यावर आजही वाद होतो. आपल्याला महत्त्वाचे काय, तर त्या कवितेतील रात्रीचा पाहुणा. तो दारावर थाप मारत नाही, काही मागत नाही. धुराड्यातून उतरतो, मोजे भरतो आणि निघून जातो.

१०/
या चित्रात जुना सण उलटा झाला आहे. पूर्वी पाहुणा मागायला येई, आता तो द्यायला येतो. पूर्वी घेणारे दाराबाहेरचे गरीब होते, आता घेणारी घरातलीच मुले आहेत. ‘द बॅटल फॉर ख्रिसमस’ या ग्रंथात इतिहासकार स्टीफन निसेनबॉम यांनी हेच दाखवले आहे: वर्गावर्गांतील देवघेव कुटुंबाच्या चार भिंतींत आली, आणि गरिबांची जागा मुलांनी घेतली.

११/
आपल्या प्रश्नाचा जन्म इथे आहे. दारी आलेल्याला किती द्यायचे हे गावाच्या रिवाजाने ठरलेले असे. मुलाला किती द्यायचे हे ठरवणारा रिवाज अस्तित्वात नव्हता. ते ठरवणे आईबापांवर आले, आणि रकमेला मायेचे माप चिकटले. कमी दिले तर माया कमी आणि जास्त दिले तर मूल बिघडेल, अशा कात्रीत पालक सापडले. ते आजही तिथेच आहेत.

१२/
पहिले उत्तर नित्यक्रमाने दिले, आणि ते म्हणजे मोजा. मुलाच्या रोजच्या वापरातला लांब मोजा शेकोटीपाशी टांगायचा. त्यात मावेल तेवढे: काही सुकामेवा, मिठाई, एखादे फळ, एखादे लहानसे खेळणे, फार तर एखादे नाणे. मोजा केवढा, हे पायाच्या मापावर ठरे. बापाची मिळकत कितीही असो, मोजा फारसा ताणत नाही. नकळत का होईना, ही खर्चाची मर्यादाच होती.

१३/
जर्मनीत दुसरे उत्तर दिसते. कवी कोलरिज १७९८-९९ च्या हिवाळ्यात रात्झेबुर्ग येथे राहिला. तिथला नाताळ त्याने लिहून ठेवला आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे मुले आईवडिलांना भेटी देत. त्यासाठी ती कित्येक आठवडे खाऊचे पैसे साठवत आणि लपूनछपून वस्तू तयार करत. आईवडिलांनी द्यायच्या भेटींची पाळी नंतर येई. देण्याचे शिक्षण आधी आणि घेण्याचा आनंद मागाहून, असा तो क्रम होता.

१४/
लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटिल विमेन’ (१८६८) या कादंबरीची सुरुवात याच प्रश्नाने होते. वडील युद्धावर गेलेले, घरात ओढाताण, आणि यंदा भेटी नाहीत म्हणून चारही बहिणी खट्टू झालेल्या. प्रत्येकीपाशी एकेक डॉलर आहे. आधी त्या स्वतःसाठी काय घ्यावे याचे बेत करतात, मग तो डॉलर आईसाठी खर्च करायचे ठरवतात. अमेरिकी वाचकांच्या कित्येक पिढ्या नाताळच्या खर्चाचा हा धडा वाचत वाढल्या.

१५/
पण त्याच सुमारास बाजार मोज्यापेक्षा मोठा होऊ लागला होता. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने १८७४ मध्ये काचेच्या खिडक्यांत बाहुल्यांची आरास मांडली. १८७० मध्ये नाताळला संघराज्याच्या पातळीवर सुटीची मान्यता मिळाली होती. वुलवर्थने १८७९ पासून पाच आणि दहा सेंटांची दुकाने काढली. जर्मनीहून आलेले काचेचे शोभेचे गोळे तो तिथे विकू लागला. ‘किती खर्च करावा’ याला वुलवर्थचे उत्तर सोपे होते: एका वस्तूला दहा सेंटांहून अधिक नाही. वस्तू किती घ्याव्यात, हे मात्र त्याने सांगितले नाही!

१६/
खेळणी येत कुठून? पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत आयात होणारी बरीचशी खेळणी जर्मन होती. थुरिंगिया प्रांतातील झोनेबर्गच्या परिसरात बाहुल्या घराघरांत बनत. कोणी डोकी रंगवी, कोणी अंगे भरी, कोणी कपडे शिवी. मजुरी नगावर मिळे, म्हणून घरातील सगळे हात, मुलांचे कोवळे हातसुद्धा, कामाला जुंपलेले असत. खेळणे स्वस्त होते, त्याचे एक कारण हे होते.

१७/
आणि सणाच्या चित्रांत ते बनत कुठे? १८६६ मध्ये, जर्मनीत जन्मलेल्या थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’त सांताची कार्यशाळा रेखाटली. सांता स्वतःच खेळणी बनवतो आहे आणि मुलांच्या वागणुकीची नोंद ठेवतो आहे. या चित्रात मजूर, मजुरी, दुकान, किंमत यांतले काहीच नाही. पुढे १९१७ मध्ये कॅन्सस सिटीच्या हॉल बंधूंनी भेटी गुंडाळण्याचा नक्षीदार कागद विकायला सुरुवात केली. वस्तू दुकानातून आली आहे, ही खूणही त्या कागदाखाली झाकली गेली.

१८/
सांता ही पालकांसाठी मोठी सोय होती. पैसा दृष्टीआड होई, मुलाला उपकाराचे ओझे वाटत नसे. पण सोयीला दुसरी बाजू होती. सांता चांगल्या मुलांना देतो, हे मुलाने मनापासून मानले, तर शेजारच्या मुलाला मिळालेली मोठी भेट त्याने कशी समजून घ्यायची? बापाची मिळकत कमी आहे, हे कारण सांगता येते. सांताने कमी दिले, याचा अर्थ मूल स्वतःकडेच लावून घेते. किंमत लपवली तरी विषमता लपली नाही; उलट तिला वागणुकीचा रंग चढला.

१९/
त्या मुलांची पत्रे टपाल खात्यात साचू लागली. सांताच्या पत्त्यावर नेऊन द्यायची कुठे? १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी स्थानिक पोस्टमास्तरांना अशी मुभा दिली, की टपाल कर्मचारी आणि नागरिक ही पत्रे उघडून उत्तरे देऊ शकतील. सधन घरांनी दारावरची थाप बंद केली होती. नव्वद वर्षांनी ती पाकिटातून परत आली. मागणारा आता बालक होता, एवढाच फरक.

२०/
दुकानांच्या आतले चित्रही पाहू. नाताळच्या आधीचे आठवडे दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असत. पैसे आणि पुडकी इकडून तिकडे नेण्यासाठी ‘कॅश गर्ल’ आणि ‘कॅश बॉय’ म्हणून लहान मुले ठेवलेली असत. एका मुलाची भेट बांधली जावी म्हणून दुसरे मूल रात्री उशिरापर्यंत धावत होते. जोसेफिन शॉ लोवेल यांच्या नेतृत्वाखाली १८९१ मध्ये न्यूयॉर्कची कंझ्युमर्स लीग उभी राहिली. नोकरांना नीट वागवणाऱ्या दुकानांची ‘श्वेतयादी’ तिने प्रसिद्ध केली. पुढे राष्ट्रीय लीगची धुरा फ्लोरेन्स केली यांनी सांभाळली. ग्राहकांना त्यांचे एक साधे सांगणे होते: खरेदी लवकर करा, दिवसाउजेडी करा.

२१/
इथे प्रश्नाचा रोख पालटतो. ‘किती खर्च करावा’ याच्या शेजारी ‘केव्हा आणि कुठे खर्च करावा’ हा प्रश्न येऊन बसतो. एका घराचा नित्यक्रम दुसऱ्या घराच्या नित्यक्रमाला धक्का देतो, हे या स्त्रियांनी नेमके हेरले होते. आईने खरेदी २४ तारखेच्या रात्रीवर ढकलली, तर काउंटरमागची मुलगी त्या रात्री आपल्या घरी नसे.

२२/
ज्यांची मिळकत तुटपुंजी, त्यांनी तिसरे उत्तर शोधले: आठवड्याची बचत. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियाच्या काळात दारूच्या गुत्त्यांवर ‘गूझ क्लब’ चालत. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि नाताळला हंस घरी न्यायचा. शेरलॉक होम्सच्या ‘ब्लू कार्बंकल’ या कथेतला हंस अशाच क्लबातला. आपल्या भिशीची आठवण व्हावी अशी ही रीत होती.

२३/
अमेरिकेत ही कल्पना बँकेत शिरली. १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल ट्रस्ट कंपनीचे कोषाध्यक्ष मर्केल लँडिस यांनी नाताळ बचत खाते सुरू केले. सुमारे ३५० लोकांनी खाती उघडली आणि माणशी सरासरी २८ डॉलर साठले. हा आकडा केवढा? त्या काळी मोठ्या दुकानांतील अनेक विक्रेत्या मुलींना आठवड्याला सहा-सात डॉलर मिळत. म्हणजे २८ डॉलर ही त्यांची साधारण महिन्याची कमाई झाली.

२४/
असे क्लब लवकरच देशभर पसरले. त्यांतली एक योजना गमतीची होती. पहिल्या आठवड्यात एक सेंट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे ५० आठवडे भरायचे. अखेरीस हाती येत १२ डॉलर ७५ सेंट. बेरीज करून पाहा. व्याज बेताचे, कित्येकदा नसेच. मग लोक का भरत? कारण डिसेंबरमध्ये पुरते रिकामे होणारे पाकीट जानेवारीपासून थोडेथोडे रिकामे करणे सोसण्याजोगे होते. शिवाय रक्कम आधीच ठरलेली असल्याने दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी मर्यादा पक्की होत असे. मोज्याचे काम आता पासबुक करू लागले.

२५/
१९१२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक मजेशीर नावाची संघटना निघाली. नावाचा मराठी अर्थ असा: ‘निरुपयोगी देणे प्रतिबंधक मंडळ’. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्पग’ म्हणत. तिच्यामागे एलिनॉर बेलमाँट आणि अॅन मॉर्गन या धनाढ्य घरांतील स्त्रिया होत्या, तरी प्रश्न कामकरी मुलींचा होता. आपल्या वरिष्ठांना भेट देण्यासाठी या मुलींना तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढावी लागे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याच डिसेंबरात मंडळाचे सभासद झाले. सक्तीच्या देण्यातून सुटलेला पैसा घरच्यांसाठी उरावा, असा या चळवळीचा साधा अर्थ होता.

२६/
सरकारनेही या हिशेबात हात घालून पाहिला. १९१८ मध्ये महायुद्धाच्या काळात, नाताळच्या भेटींना आळा घालावा असा विचार राष्ट्रीय संरक्षण परिषदेत चालला होता. खेळणी उत्पादकांचे अध्यक्ष ए. सी. गिल्बर्ट खेळणी घेऊनच वॉशिंग्टनला गेले. ती हाताळता हाताळता मंत्रिगण रमले आणि निर्बंध टळले, अशी हकीकत सांगितली जाते. गिल्बर्ट यांना ‘नाताळ वाचवणारा माणूस’ म्हणू लागले. जर्मन माल युद्धामुळे बंद होता. अमेरिकी खेळणी-उद्योगाला मोकळे मैदान मिळाले.

२७/
दोन दशकांनी, १९३९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंगचा दिवस एक आठवडा अलीकडे आणला. कारण उघड होते: नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत, ही व्यापाऱ्यांची इच्छा. काही राज्यांनी नवी तारीख मानली, काहींनी जुनीच धरली. अखेर १९४१ मध्ये काँग्रेसने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरवला. घराने बाजाराला मर्यादा घालायची ती वेळ मागे पडली. आता बाजार देशाचे पंचांग हलवू पाहत होता.

२८/
अर्थशास्त्रज्ञांचेही एक उत्तर आहे. १९९३ मध्ये जोएल वॉल्डफोगेल यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त एक निबंध लिहिला. मिळालेली भेट स्वतः घ्यायची तर किती पैसे दिले असते, असे त्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विचारले. निष्कर्ष असा, की भेटवस्तूंच्या किमतीपैकी एक दशांश ते एक तृतीयांश मूल्य वाया जाते. पण तीन वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारता येत नाही. त्याला वस्तूइतकीच, कदाचित तिच्याहून अधिक, ती मिळण्याची रीत हवी असते: तोच मोजा, तीच पहाट, तोच क्रम.

२९/
शेवटी एक छायाचित्र. मार्च १९१२, न्यूयॉर्क. राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी काम करणारा लुइस हाइन एका दाट वस्तीतील चौथ्या मजल्यावर गेला. तिथे एक कुटुंब ‘कॅम्पबेल किड्स’ नावाच्या लोकप्रिय बाहुल्यांचे कपडे शिवत होते. हाइनने मथळ्यात नोंदवले आहे, की आई यंत्रावर नसते तेव्हा सुमारे १२ वर्षांचा मुलगा ते चालवतो. ती असते तेव्हा तो पाच आणि सात वर्षांच्या भावंडांना दोरे तोडायला मदत करतो. त्याच बाहुल्यांशी खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्रही हाइनने काढले आहे.

३०/
ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की हिशेब पुरा होतो. बाहुलीच्या एका टोकाला तिच्याशी खेळणारे मूल आहे, दुसऱ्या टोकाला तिचा दोरा तोडणारे. ‘किती खर्च करावा’ हा प्रश्न आपण पहिल्या मुलापुरता विचारतो: त्याला काय आवडेल, त्याची सवय बिघडेल का. लोवेल, केली, हाइन यांनी तो दुसऱ्या मुलासाठीही विचारला. स्वस्त खेळण्याची किंमत कोणीतरी दुसरे भरत असते, हे त्यांचे म्हणणे होते. आणि ते डिसेंबरच्या ऐन गर्दीत सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

३१/
मग किती खर्च करावा? आकडा इतिहास देत नाही. एवढे मात्र दिसते, की ज्या रीती टिकल्या त्यांत रक्कम आधी ठरलेली होती आणि आनंद रकमेवर टांगलेला नव्हता. मोज्याचे माप, रात्झेबुर्गच्या मुलांनी साठवलेले खाऊचे पैसे, आठवड्याचा एकेक सेंट: तिन्हींत मर्यादा हा सणाचाच भाग होता. मर्यादा आहे म्हणून माया कमी, असे मुलांनी मानल्याचे दिसत नाही. तशी भीती मोठ्यांना वाटत आली आहे.

३२/
जाता जाता एक विनंती. सण नाताळ असो की दिवाळी, घरखर्चाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. ‘मुलांचे कपडे’, ‘फटाके’, ‘बाहुली’ अशा नोंदी आणि त्यांच्यापुढचे आकडे हे इतिहासाचे अस्सल साधन आहे. राजांच्या सनदा दफ्तरखान्यात जपल्या जातात. आईबापांनी मुलांसाठी केलेली बेरीज-वजाबाकी आपणच जपायची असते. तुमच्या घरी अशी वही असेल, तर तिच्यातली सर्वांत जुनी नोंद खाली जरूर लिहा.

#इतिहास #धागा #नाताळ